काचेच्या केसाला कळलेलं पाणी

देवबागच्या रस्त्याकडेला पडलेला केबलचा हातभर तुकडा मी उचलला, तेव्हा मनात एवढंच होतं की जूनमध्ये शाळा उघडली की मुलांना दाखवायला बरा होईल. इंटरनेटची केबल टाकणारी माणसं चर खणून, केबल पुरून, माती लोटून पुढच्या वाडीत गेली होती. तो तुकडा मी आत्याच्या पडवीत बसून सोलला. वर काळं जाड प्लॅस्टिक, त्याच्या आत पिवळसर धाग्यांचा झुबका, मग रंगीत बारीक नळ्या, नळ्यांत बुळबुळीत जेली आणि सगळ्यांत आत काचेचे तंतू. एक तंतू चिमटीत धरून उन्हात नेला. बोटाला लागत होता, डोळ्याला जेमतेम दिसत होता. काचेची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. जाडसर केस म्हणा ना!

"काय गो ता?" आत्याने विचारलं.

"काच आहे आत्ये. यातून उजेड जातो. आपले फोन याच्यावरच चालतात."

आत्याने तंतू हातात घेतला, वाकवला, सोडून दिला. तो पुन्हा सरळ झाला. "उजेडाक दोरी कित्याक व्हयी?" ती म्हणाली आणि बावीवर पाणी काढायला गेली.

उजेडाला दोरी कशाला हवी? प्रश्न डोक्यात घेऊनच त्या रात्री मी मोबाइलवर ऑप्टिकल फायबरविषयी वाचत पडले होते. वाचता वाचता एका ओळीशी आले आणि उठून बसले. हीच केबल जमिनीत पुरून शास्त्रज्ञ भूजल कुठून आणि किती वेगाने वाहतं ते मोजतात! पाण्यात पंखा नाही, मीटर नाही, जागोजागी बसवलेली यंत्रं नाहीत. केबलच्या एका टोकाला बसायचं, आत उजेड सोडायचा आणि परत आलेला उजेड वाचायचा. केबलचा एकेक मीटर म्हणजे एकेक थर्मामीटर. किलोमीटरभर केबल पुरली की हजार थर्मामीटर एका ओळीत, रात्रंदिवस जागे! तो सगळा मे महिना मी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही, आणि आज हा लेख लिहिते आहे तो हा आनंद एकटीने पोटात ठेवणं शक्य नाही म्हणून.

देवबाग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की ही ओळ मला एवढी का भिडली. तारकर्लीच्या पुढे दक्षिणेला गेलेली ही वाळूची चिंचोळी जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, टोकाला दोघांचा संगम. मध्ये माड, घरं आणि घरोघरी बावी. दोन्हीकडे खारं पाणी असताना मधल्या वाळूत गोडं पाणी! आत्याची बाव चिऱ्यांनी बांधलेली, जेमतेम दोन पुरुष खोल. पावसाळ्यात हात घातला तर पाणी लागतं. मे महिन्यात तेच पाणी तळाशी जातं आणि मचूळ होतं. चहाला चव येत नाही, डाळ शिजत नाही. ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, त्या जिल्ह्यात मे महिन्यात हंडे रांगेत असतात. लहानपणापासून हे पाहत आले, पण पाणी वाळूखाली नेमकं काय करतं, कुठे जातं, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. विहीर म्हणजे भांडं आणि भांड्यात पाणी साठतं, एवढंच चित्र डोक्यात.

आत्याच्या डोक्यात मात्र हे चित्र कधीच नव्हतं. सकाळी मी तिला भूजल वाहतं म्हणून सांगायला गेले, तर ती म्हणाली, "माका ठावक आसा. भरतीक बावीचा पाणी चडता, सुकतेक उतारता."

मी त्याच दिवशी बावीच्या काठावर टेप घेऊन बसले. दर अर्ध्या तासाने काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. समुद्राची भरती संपून पाणी ओसरायला लागलं, तरी बावीचं पाणी चढतच होतं. तब्बल दीड तासाने ते थांबलं आणि मग अगदी सावकाश उतरायला लागलं. सहा तासांत चार बोटं. चार बोटं फक्त! पण त्या चार बोटांनी मला अंगावर काटा आणला. समुद्राने वाळूला दिलेला रेटा वाळूतून वाट काढत दीड तासाने आत्याच्या परसात पोचत होता. बाव म्हणजे भांडं नव्हे. समुद्र, खाडी आणि पाऊस या तिघांच्या चालू ओढाताणीतलं ते एक उघडं भोक आहे, आणि आपण त्यातून डोकावतो आहोत. भोकाच्या चारी बाजूंना वाळूत काय चाललं आहे ते कसं दिसणार? तिथे हा काचेचा केस उपयोगी येतो.

तो कसा काम करतो ते कळलं तेव्हाचा आनंद मी विसरणार नाही. काचेत उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. लेसरचा काही नॅनोसेकंदांचा ठोका केबलमध्ये सोडला की पुढे जाता जाता त्यातला अगदी थोडा उजेड जागोजागी विखुरतो आणि उलटा फिरून परत येतो. दहाव्या मीटरवरून फिरलेला उजेड सेकंदाच्या एक कोटीव्या भागात दारात हजर होतो, शंभराव्या मीटरवरचा दहा लाखाव्या भागात. कधी परतला यावरून कुठून परतला ते कळतं. समोरच्या डोंगराला हाक घालावी आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर ओळखावं, तसंच हे.

आणि तिथलं तापमान? परत येणारा उजेड बहुतेक सगळा गेला त्याच रंगाचा असतो. पण त्यातले अगदी थोडे प्रकाशकण रंग बदलून येतात. काचेचे रेणू सतत थरथरत असतात. काही प्रकाशकण त्या थरथरीला आपली थोडी ऊर्जा देतात आणि तांबड्याच्या बाजूला सरकून परततात. काही तिच्याकडून थोडी ऊर्जा घेतात आणि निळ्याच्या बाजूला सरकून परततात. काच जितकी गरम तितकी थरथर जास्त आणि तितके निळ्या बाजूचे पाहुणे जास्त. दोन्हींचं प्रमाण काढलं की त्या जागचं तापमान हातात! चांगलं यंत्र असेल आणि थोडा वेळ थांबायची तयारी असेल, तर अंशाच्या दहाव्या भागाहून बारीक फरकसुद्धा कळतो.

रंग बदलून परतणाऱ्या या उजेडाला जगभर रामन परिणाम म्हणतात. आपल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा! २८ फेब्रुवारीला दरवर्षी मी शाळेत विज्ञान दिनाचं भाषण करते. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात हा शोध लागला आणि १९३० साली त्याला नोबेल मिळालं, हे मुलांकडून पाठ करून घेते. पण या शोधाची सुरुवात समुद्राच्या निळेपणापासून झाली आणि त्यात मुंबई आहे, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. १९२१ साली रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं तेव्हा मानत. रामन यांनी बोटीवरूनच एका प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरची चकाकी वगळली, तरी निळा रंग उरलाच. म्हणजे खुद्द पाण्याचे रेणू उजेड विखुरतात! बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी हे टिपण 'नेचर' नियतकालिकाला पाठवलं. उजेड आणि रेणू यांच्या त्याच कोड्याचा पाठलाग सात वर्षांनी रामन परिणामापर्यंत पोचला. म्हणजे माणसाने समुद्राकडे पाहून विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी फिरून समुद्रकाठच्या वाळूतलं पाणी शोधायला आला आहे.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तरही मला पाण्यातच सापडलं. १८४१ साली जिनिव्हात कोलाडाँ नावाच्या शास्त्रज्ञाने टाकीच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत उजेड सोडला, तेव्हा उजेड धारेबरोबर वळत खाली गेला. लंडनमध्ये टिंडॉल या शास्त्रज्ञाने १८५४ साली असाच प्रयोग श्रोत्यांसमोर करून दाखवला. सरळ जाणारा उजेड पहिल्यांदा वाकून चालला तो पाण्याच्या धारेत! मग पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स या संशोधकाबरोबर काचेच्या तंतूंच्या जुड्यांमधून चित्रं पाठवली. त्याविषयीचा त्यांचा लेख १९५४ चा. फायबर ऑप्टिक्स हे नावही कपानींनीच रुळवलं. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड मैलोन्‌मैल जाईल हे दाखवलं, त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. आत्याला मी हे सगळं सांगितलं. "म्हणजे पाण्यानच दोरी दिली," ती म्हणाली. मी बावीस वर्षं पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे उजेडाचं काठावरून पुन्हा आत परतणं, शिकवते, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. तापमानावरून पाण्याचं वाहणं कसं कळतं?

जमिनीखालचं पाणी सहसा वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं. ओढ्याचं, खाडीचं, समुद्राचं पाणी उन्हाने तापतं, रात्री निवतं. म्हणून ओढ्याच्या तळाशी केबल ठेवली तर जिथे खालून झरा फुटतो तिथे तापमानात ठळक पायरी दिसते. अमेरिकेतल्या ओरेगनचे जॉन सेल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्झेंबर्गमधल्या माइसबिख नावाच्या छोट्या ओढ्यात हेच केलं आणि २००६ साली लिहिलं. ओढ्यात कुठे कुठे भूजल मिळतं ते केबलने जागेसह दाखवलं. मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॉडच्या वाक्वॉइट उपसागरात केबल थेट पाण्याच्या तळावर अंथरली गेली. जमिनीतलं पाणी समुद्रात कुठे आणि भरती-ओहोटीच्या कुठल्या वेळेला झिरपतं, हे त्या केबलने सांगितलं. हा अभ्यास २००९ चा.

हे वाचलं आणि पौर्णिमेनंतरच्या पहाटे, पूर्ण सुकतीला म्हणजे ओहोटीला, मी शाळेचा थर्मामीटर घेऊन पुळणीवर गेले. समुद्र खूप आत गेला होता. ओल्या वाळूवर एका पट्ट्यात बारीक बारीक ओघळ दिसत होते. लाट पोचत नव्हती, तरी वाळूतून पाणी येत होतं आणि समुद्राकडे धावत होतं! याच वाळूवर मी लहानपणापासून चालले आहे. हे ओघळ लाटेचं उरलेलं पाणी असेल असंच धरून चालले होते. गुडघे टेकून हाताने वाळू उपसली. मनगटभर खोल गेल्यावर बोटांना गार लागलं. थर्मामीटर खुपसला. मग समुद्रात जाऊन तिथलं तापमान घेतलं. खड्ड्यातलं पाणी दोन अंशांनी गार. जीभ लावून पाहिलं. खारट होतं, पण समुद्राइतकं नाही. किनाऱ्याच्या पोटातून येणारं पाणी, समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं, माझ्या ओंजळीत होतं! पाऊस पडतो आणि समुद्राला मिळतो हे आपण म्हणतो, पण नदी-व्हाळ सोडून वाळूखालूनही तो समुद्राला मिळतो, हे मी त्या पहाटे पहिल्यांदा हाताने पाहिलं.

दोन अंशांचा फरक केबलला कळेलही, पण तो फार थोडा. थंड देशांत उन्हाळा-हिवाळ्याचा मोठा फरक मदतीला येतो. आपल्याकडे समुद्र, वाळू, भूजल सगळं कोमटच. मग वाळूच्या आतलं पाण्याचं वाहणं केबलला दिसेल का? मी हिरमुसले होते. आणि मग कळलं की यावरही उपाय निघालेला आहे, तोही इतका साधा की आत्याच्या बागेत करून पाहता येईल. केबलबरोबर विजेची तार ठेवायची आणि केबल थोडी गरम करायची! पाणी थांबलेलं असेल तर उष्णता केबलभोवतीच रेंगाळते, केबल तापत राहते. पाणी वाहत असेल तर ते उष्णता उचलून नेतं, केबल कमी तापते. जितकं पाणी वेगाने वाहतं तितकी केबल गार राहते. बशीतल्या चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो ना, तसंच.

मी दोन सारखे स्टीलचे पेले घेतले. दोन्हींत सारखंच कढत पाणी. एक पेला बादलीतल्या थांबलेल्या पाण्यात ठेवला. दुसरा माडांना पाणी सोडलं होतं त्या पाटात, काठावर दगड लावून. पाच मिनिटांनी दोन्हींत थर्मामीटर बुडवला. पाटातला पेला कितीतरी गार झाला होता. शेजारची दोन पोरं जमली होती. त्यांना म्हटलं, डोळे मिटा, दोन्ही पेले हाताने धरा आणि सांगा, वाहत्या पाण्यातला कुठला? एकही चुकलं नाही. जमिनीत पुरलेली गरम केबल हेच करते. मीटरामीटरावर ठेवलेला एकेक पेला, आणि त्याचं निवणं वाचणारा उजेड! या पद्धतीने वाळूतून दिवसाला हातभर सरकणारं पाणीसुद्धा पकडता येतं. दिवसाला हातभर! हे आपल्या कुणाच्याही डोळ्यांना दिसणारं नव्हे.

नेदरलँड्समध्ये या गरम केबलच्या पद्धतीची पुढची पायरी झाली. २०१५ साली तिथल्या संशोधकांनी लिहिलं की बोअर न मारता, पोलादी दांड्याने रेटून, केबल सरळ उभी जमिनीत खुपसता येते. शेजारची तार तापवून वेगवेगळ्या खोलीवर पाणी किती वेगाने जातं ते त्यांनी काढलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर देवबागच होतं. वाळूच वाळू! इथे खुपसायला काय हरकत आहे?

आणि मग मला आर्जेंतोना भेटलं. स्पेनमध्ये, बार्सेलोनाच्या उत्तरेला, भूमध्य समुद्राच्या अगदी काठावरचं ठिकाण. तिथल्या संशोधकांनी किनाऱ्यालगत विहिरींचा जथा खणला आणि विहिरी खणतानाच नळीच्या बाहेरून फायबर केबल आणि विजेचे अग्र दोन्ही बसवून टाकले. फायबर तापमानावरून पाण्याच्या वाटा सांगतं. खारं पाणी वीज अधिक सहज वाहून नेतं, म्हणून विजेचे अग्र खारं पाणी कुठवर आलं ते सांगतात. दोन्ही एकत्र वाचले की जमिनीखाली गोडं पाणी समुद्राकडे कुठून जातं आणि समुद्र कुठून आत घुसतो, ते थराथराने दिसतं. २०२० साली त्यांचा लेख आला. आत्याच्या मचूळ चहाचं कारण शोधायचं तर याहून जवळचं उदाहरण जगात नाही.

हे मचूळ होणं समजायला एक आकडा पुरतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून किनाऱ्यावर आणि बेटांवर मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेदरलँड्सच्या घायबेन यांनी आणि १९०१ साली जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी हे वेगवेगळं मांडलं. पण याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या. उपसा करून वरचं पाणी कायमचं वीतभर खाली नेलं, तर खालून खारं पाणी चाळीस विती वर सरकतं. एका वितीला चाळीस विती! प्रत्येक बावीवर पंप बसला तेव्हा हा हिशोब आपल्याला कुणी सांगितला नव्हता.

मालवणच्या माणसाला तर हे शास्त्र रोज समोर दिसतं. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. चारी बाजूंना समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. सहलीला आलेली मुलं त्या पाण्याची चव घेऊन आश्चर्य करतात आणि मग होडीत बसून परततात. आता मी मुलांना त्या विहिरींच्या काठावर उभं करून विचारणार आहे: तरंगणारं पाणी आहे हे, मग ते स्थिर आहे की चालतंय? आणि चालतंय तर कुठे?

पाणाड्या हातात नारळ घेऊन जमिनीवर चालतो तेव्हा त्याच्यामागे सगळी वाडी चालते. पाणी कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न असतो. तो आपल्या जगण्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. फायबर त्याच्या पुढचा प्रश्न विचारतं: पाणी कुठे चाललं आहे? कोकणात हाच प्रश्न महत्त्वाचा. आपल्याकडे पाणी पडतं भरपूर, पण ते थांबत नाही. सड्यावरच्या जांभ्यात भोकं भोकं असतात, पाऊस त्यातून सरसर आत जातो. खाली चिकण माती लागली की आडवा वळतो, डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतो आणि व्हाळाने खाडीला मिळतो. दिवाळीत वाहता असणारा झरा मार्चमध्ये ठिबकतो. वनराई बंधारा कुठे घालावा, चर कुठे खणावा, कुठल्या झऱ्याचं पाणी कुठल्या सड्यावरून येतं, हे सगळं पाण्याच्या वाटेवर ठरतं, आणि ती वाट आजवर अंदाजाने ओळखावी लागत होती. जिथे जांभा नाही, कठीण कातळ आहे, तिथे पाणी भेगांतून जातं. फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातल्या प्लोमूर इथे अशाच भेगाळलेल्या कातळातल्या बोअरमध्ये फायबर सोडून पाणी नेमकं कुठल्या भेगेतून येतं ते पाहिलं गेलं. भेग दिसते! जमिनीखालची, अंधारातली भेग, उजेडाने दिसते!

आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. त्या नोंदींमुळेच आज आपल्याला गावोगावचं भूजल किती खाली गेलं ते कळतं, आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण आत्याच्या बावीत एका दिवसात जे घडतं, ते वर्षातल्या चार मोजमापांत कसं सापडणार? भरती-ओहोटीचा हिशोब तासांचा आहे. म्हणून किनाऱ्याला हा जागा राहणारा काचेचा केस हवा.

खर्चाचं आणि अडचणींचं मला पूर्ण भान आहे. केबल स्वस्त आहे, पण उजेड वाचणारं यंत्र लाखांच्या घरात जातं. फायबर तापमान सांगतं, खारटपणा नाही. तो वेगळा मोजावा लागतो. एकटी केबल वेग सांगते, दिशा सांगायला एकाहून जास्त केबल लागतात. हे सगळं खरं. पण यंत्र एका गावचं असायची गरज नाही. ते उचलून नेता येतं. केबल मात्र एकदा पुरली की वर्षानुवर्षं तिथेच. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते आपण दारं-खिडक्यांवर रोज पाहतो. काच गंजत नाही.

शिवाय फायबर तर गावोगाव येतंच आहे. राज्याच्या महानेट प्रकल्पाने ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेण्याचं काम हाती घेतलं. अशा केबलमध्ये बरेच तंतू असतात आणि त्यांतले काही रिकामे राहतात. कॅलिफोर्नियात रिजक्रेस्ट गावाजवळ संशोधकांनी आधीच पुरलेल्या दूरसंचार केबलमधूनच, तापमानाऐवजी रस्त्यावरच्या गाड्यांची थरथर वाचून, जमिनीतला ओलावा वर्षानुवर्षं कसा बदलला ते काढलं. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. नवी केबल नाही, नवा खड्डा नाही! देवबागच्या रस्त्याखाली परवा पुरलेली ती काळी केबल, जिच्यावर आपण व्हिडिओ पाहतो, तीच उद्या आपल्या पायाखालच्या ओलीची खबर देऊ शकते. रोज शाळेतून येताना मी आता त्या बुजलेल्या चराकडे पाहत येते.

माझी मागणी साधी आहे. कोकणातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी, भूजल यंत्रणेने देवबागसारख्या एका वाळूच्या पट्ट्यावर एक केबल टाकून पाहावी. समुद्रापासून खाडीपर्यंत, आडवी, एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. एका वर्षात आपल्याला कळेल की आपलं गोडं पाणी कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेने हातचं जातं. मग पंप किती चालवायचा, पाऊस कुठे मुरवायचा, याचं भांडण न होता हिशोब होईल.

तोवर तुम्ही-आम्ही हात बांधून बसायचं कारण नाही. तुमच्या बावीच्या काठावर एक खूण करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. तारीख लिहा, तिथी लिहा, भरती होती की सुकती ते लिहा, आणि पाण्याची चव लिहा: गोडं, मचूळ की खारं. वही शाळेत आणून द्या, मुलं आलेख काढतील. उद्या इथे केबल पुरली जाईल तेव्हा तिचे आकडे ताडून पाहायला याच वह्या लागतील. आत्याची वही सुरू झाली आहे. मी नसले तर ती स्वतः मोजते आणि आकडा पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवते. मोजायला दोरी, दोरीला दगड आणि एक पट्टी एवढं पुरतं.